खिडकीत ठेवलेली बाटली

पत्र : डॉक्टर, मी सातारा जिल्ह्यातली, वय ६१. माझी सून २८ वर्षांची आहे. दोन वर्षांत तिला तीनदा ॲडमिट करावं लागलं. पोटात असं दुखतं की गडाबडा लोळते, ओकाऱ्या होतात, चार-चार दिवस संडासला होत नाही. पहिल्यांदा झालं ते गौरींच्या वेळी. तेव्हा अपेंडिक्स काढलं, मग रिपोर्ट आला की अपेंडिक्स चांगलंच होतं. दुसऱ्यांदा नवरात्रात. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, तोंडातून दुर्बीण, सगळं नॉर्मल. यंदा परत गौरींच्या तोंडावर. या वेळी तिला झोप नव्हती, असंबद्ध बोलत होती, म्हणून मानसोपचाराचे डॉक्टर येऊन गेले. आता मुलगाही म्हणतो, ‘आई, नाटक आहे.’ मला नाही तसं वाटत. एक गोष्ट कोणी ऐकूनच घेत नाही. दवाखान्यात लघवी मोजायला बाटलीत धरायचे. संध्याकाळी खिडकीत ठेवलेली बाटली पिवळी होती, सकाळी बघते तर कोकमाच्या आगळासारखी लालकाळी. सिस्टर म्हणाल्या, बीट खाल्लं असेल. चार दिवस पोटात पाणी ठरत नव्हतं, बीट कुठलं? आता पुढच्या आठवड्यात भूल देऊन पोटात दुर्बीण घालून बघायचं म्हणतात. बघू द्यावं का? डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवते. तिचे मामाही तरुणपणी पोटदुखीनं गेले. ऑपरेशननंतर हातपाय लुळे पडले आणि मग श्वास बंद झाला, असं तिची आई सांगते.

उत्तर :

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला तारीख आहे. पुढच्या आठवड्यातली ती दुर्बीण पुढे ढकला. कायमची नको, फक्त एका लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत. सून आज घरी आहे, चालते-फिरते, ताप नाही, म्हणजे आठ-दहा दिवसांनी काही बिघडत नाही. उलट माझी शंका खरी निघाली, तर त्या तपासणीसाठी तिला उपाशी ठेवणं आणि नको ती भूल देणं, यातूनच चौथा झटका यायचा.

शंका आहे ॲक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया या दुर्मिळ, आनुवंशिक आजाराची. आणि तपासणी आहे लघवीतल्या पोर्फोबिलिनोजेनची. लॅबवाले त्याला पीबीजी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पत्रावरून निदान होत नाही, हे या सदरात मी दर वेळी लिहिते, आजही लिहिते. पण तुम्ही जी बाटली पाहिलीत, ती मी ऐकल्यासारखं करून सोडून देऊ शकत नाही.

डिस्चार्ज कार्ड दोनदा वाचलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘अस्पष्ट पोटदुखी, मानसिक कारणाची शक्यता’ असं आहे. दुसऱ्या पानावर, बारीक छपाईत, खरी गोष्ट आहे. दाखल करताना नाडी १२०. रक्तदाब १६०/१००, तोही २८ वर्षांच्या सडपातळ मुलीचा. आणि रक्तातलं सोडियम १२१, जे १३५ ते १४५ असायला हवं. पोट तपासल्याची नोंद : ‘मऊ, दाबल्यावर फारसं दुखत नाही.’ मला वाटतं गाडी घसरली ती इथेच. पेशंट ओरडतोय आणि पोट मऊ लागतंय, म्हटल्यावर सर्जन खांदे उडवतो आणि नातेवाईक एकमेकांकडे बघतात. पण या आजारात पोटातल्या कुठल्या अवयवाला सूज नसते. बिघाड असतो नसांचा. आतड्याच्या नसा बिघडल्या की असह्य कळा येतात, शौचाला होत नाही, उलट्या होतात. नाडी आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या नसा बिघडल्या की ते दोन्ही चढतात. पोट मऊ लागणं हे खोटेपणाचं लक्षण नाही, या आजाराचंच लक्षण आहे. आणि नाटक करून सोडियम १२१ वर आणता येत नाही, हे चिरंजिवांना माझ्या नावानं सांगा.

आता बाटली. पीबीजी हा मुळात बिनरंगी पदार्थ. लघवी ताजी असते तेव्हा बहुतेक वेळा नेहमीसारखीच दिसते. उजेडात, हवेत काही तास राहिली की त्यातून लाल-तपकिरी रंगद्रव्यं तयार होतात आणि ती गडद होत जाते. सिस्टरनी पाहिली तेव्हा बाटली पिवळी असेल, तुम्ही सकाळी पाहिली तेव्हा लालकाळी, दोघींचंही खरं. संडासात गेलेली लघवी कुणी रात्रभर बघत बसत नाही, म्हणून हा पुरावा रोज वाहून जातो. बीटनं लघवी लाल होते, पण ती बाहेर येतानाच लाल असते. टीबीच्या गोळ्यांनी केशरी होते, काविळीत पिवळीजर्द होते. ठेवल्यावर काळवंडणं वेगळं. नावसुद्धा तिथूनच आलंय. ग्रीक भाषेत ‘पोर्फिरा’ म्हणजे जांभळा.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. रेसिडेंट असताना माझ्या वॉर्डात एक कॉलेजातली मुलगी पोटदुखीनं आली, दुसऱ्या दिवशी तिला फिट आली. फिट आली की फेनिटोइन द्यायचं, हे आम्हाला पाठ होतं. मीच दिलं. मुलगी सुधारायच्या ऐवजी बिघडत गेली. तिसऱ्या दिवशी तिला हात वर उचलता येईना. राउंडला आमचे सर आले, काहीच न बोलता तिची लघवी परीक्षानळीत घेऊन साइड लॅबच्या खिडकीत ठेवायला सांगितली आणि चहाला निघून गेले. परत आले तेव्हा पीबीजी ओळखणारं एरलिखचं द्रावण घालून दाखवलं. नळी गुलाबी झाली. फेनिटोइन या आजारात विषासारखं, हे मला तेव्हा कळलं. ती मुलगी सहा महिन्यांनी चालत भेटायला आली. त्यानंतर माझ्या वॉर्डाच्या खिडकीत कायम एखादी बाटली असायची, मावश्या वैतागायच्या.

हे सगळं घडतं कशामुळे, तेही सांगते, कारण पुढची पथ्यं त्याशिवाय पटणार नाहीत. तुमच्या भागात साखर कारखाने आहेत, त्याचंच उदाहरण घेऊ. रक्त लाल करणारा जो हीम नावाचा पदार्थ आहे, तो यकृतालाही लागतो, आणि यकृत तो स्वतःपुरता बनवतं. आठ टप्प्यांचं काम आहे. या आजारात तिसऱ्या टप्प्यावरचं एन्झाइम जन्मापासून निम्म्याच ताकदीचं असतं. म्हणजे कारखान्याचा वजनकाटा अर्ध्या वेगानं चालतोय. एरवी काही बिघडत नाही, ट्रॅक्टर येतात, वजन होतं, आत जातात. पण हंगामाच्या भरात एकदम चौपट ऊस आला, की काट्याबाहेर रांग लागते आणि गावातला रस्ता तुंबतो. तसं यकृताला एकाएकी जास्त हीम हवंसं झालं, की पहिला टप्पा जोरात सुटतो आणि तिसऱ्याच्या दारात माल तुंबतो. त्या तुंबलेल्या मालाची नावं एएलए आणि पीबीजी. तोच रक्तात उतरतो, नसांना त्रास देतो आणि लघवीतून बाहेर पडतो.

मग हंगाम सुरू कोण करतं? काही औषधं, उपासमार, दारू, सिगारेट, एखादा ताप किंवा ऑपरेशन, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यातले हार्मोन्स. म्हणूनच हा आजार वयात आल्यानंतर, त्यातही १५ ते ४५ वर्षांच्या बायकांत जास्त दिसतो.

आता तुमच्या पत्रातल्या तिथ्या बघा. गौरी, नवरात्र, पुन्हा गौरी. मी तुमच्या सुनेशी फोनवर बोलले, तिची परवानगी घेऊनच हे लिहिते. तिन्ही वेळा आधी उपवास झाला होता. हरतालिकेचा निर्जळी, नवरात्रात नऊ दिवस. आणि दोन्ही गौरींना तिनं पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. तुम्हाला त्या ठाऊक नव्हत्या, कारण जावेनं आणून दिल्या होत्या आणि ‘त्यात काय सांगायचं’ असं दोघींना वाटलं. त्या गोळीत नॉरएथिस्टेरोन असतं, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध. पोर्फिरियाच्या पेशंटला वर्ज्य औषधांच्या यादीत ते असतं. निर्जळी उपवास आणि ही गोळी एकाच आठवड्यात, म्हणजे हंगाम आणि यात्रा एकाच दिवशी. सणासुदीला केमिस्टकडे या गोळ्या चॉकलेटसारख्या मागितल्या जातात, आणि दवाखान्यात ‘कुठली औषधं चालू आहेत’ विचारलं की बायका त्यांचं नाव घेत नाहीत. त्यांना ते औषध वाटतच नाही. तीन ॲडमिशनच्या तिन्ही केसपेपरवर ‘औषधे : नाहीत’ असं लिहिलंय.

तपासणी कशी करायची ते नीट वाचा, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

लॅबमध्ये ‘लघवीतलं पीबीजी, एका वेळचा नमुना, सोबत क्रिएटिनिन’ असं लिहिलेली चिठ्ठी न्या. २४ तासांची लघवी साठवायची गरज नाही. ती साठवताना उजेड लागून नमुना खराब होण्याचीच भीती जास्त. डबीला लगेच ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा, पोळ्या बांधतो तोच चालेल, आणि डबी थंड ठेवून पोचवा. साताऱ्यातली लॅब नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या मध्यवर्ती लॅबला पाठवेल, तेव्हा रिपोर्टला काही दिवस लागतील. काउंटरवरचा मुलगा म्हणेल, ‘मॅडम, पोर्फिरिन्स म्हणायचंय ना?’ नाही म्हणा. पोर्फिरिन्स ही वेगळी तपासणी. ती यकृताच्या साध्या आजारातही वाढलेली येते आणि गोंधळ वाढवते. पीबीजी म्हणजे पीबीजी.

सर्वांत चांगला नमुना दुखत असतानाचा. दुखणं भरात असताना घेतलेल्या, उजेडापासून जपलेल्या नमुन्यात पीबीजी नॉर्मल आलं, तर त्या दुखण्याचं कारण हा आजार नाही, विषय संपला. खरा झटका असेल तर आकडा थोडाथोडका वाढत नाही, नॉर्मलच्या कित्येक पट, बहुधा दहा पटींच्या वर जातो. तुमची सून दहा दिवसांपूर्वी घरी आली, तरी नमुना आजच द्या. या आजारात पीबीजी झटक्यानंतर आठवडे, महिने, कधी वर्षंही चढलेलं राहतं. आज नॉर्मल आलं तर मात्र पुरतं निश्चिंत होऊ नका, पुढच्या दुखण्यात पहिल्याच दिवशी पुन्हा द्या.

डीएनएची तपासणी आधी करू या, असं कुणी सुचवेल. ती नंतर. जनुक सापडलं म्हणून हे दुखणं त्याचंच, असं ठरत नाही. एचएमबीएस नावाच्या त्या जनुकात दोष असलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकही झटका येत नाही. सुनेच्या आईला काही झालं नाही आणि मामा गेले, यात विसंगती नाही ती यामुळेच. आईकडेही तो दोष असू शकतो, तिचा हंगाम कधी सुरूच झाला नसेल. मामांचं तुम्ही लिहिलंत तसंच खरोखर घडलं असेल, पोटदुखी, ऑपरेशन, मग हातपाय लुळे, मग श्वास, तर या आजाराचं न ओळखलेलं टोक ते हेच. अशा पेशंटना पूर्वी गियाँ-बारेचा, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या दुसऱ्याच आजाराचा, शिक्का मारून पुढे पाठवायचे. अजूनही पाठवतात. अमेरिकेतल्या पेशंटांनासुद्धा पहिल्या लक्षणापासून निदान व्हायला सरासरी १५ वर्षं लागल्याचं तिथल्या पाहणीत दिसलंय. तुमच्याकडे दोन झाली आहेत.

दुसरी कारणंही माझ्या डोक्यात आहेत. पोटाचा टीबी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), स्वादुपिंडाची सूज. त्यांपैकी काही सीटी स्कॅननं दूर केलीत, एंडोमेट्रिओसिस उरतं, आणि त्यासाठीच तुमच्या डॉक्टरांना दुर्बीण घालायची असावी. त्यांचा विचार चुकीचा नाही, फक्त क्रम बदला. एक कारण मात्र पोर्फिरियाची हुबेहूब नक्कल करतं, ते म्हणजे शिसं. तेच पोट, तीच बद्धकोष्ठता, हातांची तीच कमजोरी. फोनवर मी सुनेला विचारलं, कुठल्या वैद्याकडून भस्माच्या पुड्या चालू होत्या का, घरात कुणी बॅटरीच्या कामावर आहे का. नाही म्हणाली. तरी रक्तातलं शिसं एकदा बघा. शिशाच्या विषबाधेत एएलए वाढतं, पीबीजी नॉर्मलच्या आसपास राहतं. दोन नमुन्यांत फैसला होतो.

रिपोर्ट येईपर्यंत घरी काय? तिला उपाशी राहू देऊ नका. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं बंद, आणि बारीक व्हायचं डाएटही बंद. भात, पोळी, भाकरी, बटाटा, वेळच्या वेळी. पिठूळ-गोड अन्नातली साखर तो पहिला टप्पा शांत करते, हे खरं आहे, पण म्हणून दुखणं उठल्यावर साखरपाणी पाजत घरी थांबू नका. उलट्या होत असतील तर ते पोटात राहणारच नाही. गर्भनिरोधक गोळ्या, पाळी ढकलायच्या गोळ्या बंद. सल्फाच्या गोळ्या, फिटची जुनी औषधं, टीबीचं रिफाम्पिसिन यांतलं काहीही कुणी लिहून दिलं तर आधी ‘पोर्फिरियाची शंका आहे’ हे तीन शब्द सांगायचे. नॉर्वेत बर्गनला एक पोर्फिरिया केंद्र आहे, त्यांची चालणाऱ्या-न चालणाऱ्या औषधांची यादी इंटरनेटवर फुकट आहे. डॉक्टरांना तिचं नाव सांगा, राग मानणार नाहीत. पॅरासिटामॉल चालतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेगळं सांगा : जुनं थायोपेंटोन नको, प्रोपोफॉल चालतं.

आणि दुखणं पुन्हा उठलं तर गावातल्या दवाखान्यात सलाइन लावत दोन दिवस घालवू नका, आयसीयू असलेल्या ठिकाणी न्या. तिला वेणी घालायला हात वर जाईना, जिन्यावर पाय उचलेना, आवाज बसला, गिळताना ठसका लागू लागला किंवा फिट आली, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच घटकेला निघा. कमजोरी या आजारात बहुधा खांद्यांपासून सुरू होते. तुम्ही बाटली पाहिलीत तशी तिची वेणीही बघत राहा.

असंबद्ध बोलणं, झोप उडणं, भीती वाटणं, हेही त्याच माळेचे मणी. मेंदूलाही तो तुंबलेला माल आणि ते घसरलेलं सोडियम भोगावं लागतं. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या वेडामागे पोर्फिरियाच होता, असं १९६६ मध्ये आईमुलाच्या एका डॉक्टर जोडीनं मांडलं होतं. आज बहुतेक जाणकार ते मानत नाहीत. मला या वादात मौज एवढीच वाटते की राजाच्या लघवीचा रंग दोनशे वर्षांनी तपासला जातो आणि तुमच्या सुनेचा दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांवर रागावू नका, त्यांना बोलावलं तेव्हा पीबीजीचा रिपोर्ट कुणी त्यांच्या हातात दिला नव्हता.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? सौम्य झटक्यात शिरेतून ग्लुकोज देतात, दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास, सोडियमवर डोळा ठेवून. जोराच्या झटक्यावर खरं औषध म्हणजे हीमचंच इंजेक्शन, रोज एक, चार दिवस. ते महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून झटका यायची वाट न बघता आधीच विचारणा करून ठेवायची. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात या आजाराचं नाव आहे, आणि मुंबईचं केईएम त्या योजनेतलं एक केंद्र आहे. तिथून अर्ज झाला तर ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. वारंवार झटके येणाऱ्यांसाठी गिव्होसिरान नावाचं महिन्याला एक इंजेक्शन २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं, पण त्याच्या किमतीचा विचार आज नको. तुमच्या सुनेला तिथवर जावंच लागेल असं नाही. कारणं टाळली की पुष्कळांना पुन्हा झटका येत नाही.

मग तिची भावंडं, आई, मामांची मुलं, सगळ्यांची तपासणी व्हायला हवी, कारण आईबापांपैकी एकाकडे दोष असला की प्रत्येक मुलात तो उतरायची शक्यता निम्मी. नातवाची काळजी आता करू नका. वयात येण्याआधी झटका जवळजवळ येतच नाही.

सर्जनना काय सांगायचं, हा तुम्हाला अवघड वाटणारा भाग. भांडण नको. डिस्चार्ज कार्डाचं दुसरं पान पुढे ठेवा, नाडी, रक्तदाब, सोडियम यांवर पेनानं गोल करा, खाली ‘लघवी उजेडात काळी झाली’, ‘पाळी ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या’ आणि ‘मामांना ऑपरेशननंतर लकवा’ असं लिहा, आणि म्हणा, ‘डॉक्टर, आधी पीबीजी करू या का?’ एवढं पाहून कुठलाही शहाणा सर्जन स्वतःच तारीख पुढे ढकलेल.

रिपोर्ट आला की मला कळवा, काहीही आला तरी. आणि पुढच्या वर्षी गौरींच्या दिवसांत पाळी आली तर येऊ दे. पुरणाचा घाट तुम्ही आणि जाऊबाई घाला, तिला पहिल्या पंगतीला बसवा.